अंगणाला फरशी, लेकराला मोबाइल

आमच्या भागात घराचं बांधकाम संपत आलं की मिस्त्री शेवटचा प्रश्न विचारतो, "भाभी, सामने पेवर डालनेका क्या शहाबादी?" तिसरा पर्याय तो सांगत नाही, कारण तो कुणी मागतच नाही. माती तशीच ठेवली तर घर अर्धवट राहिलं असं समजतात. पैसे संपले असतील, सौदीहून भावानं पाठवले नसतील, अशी कुजबुज सुरू होते. मग उसनवारी करून का होईना, गेटपासून दारापर्यंत सगळं झाकून टाकायचं. त्यावर एक स्कूटी, एक प्लास्टिकची खुर्ची आणि दोन कुंड्या. झालं अंगण.

मला या रिवाजाविरुद्ध लिहायचं आहे. घरात लहान लेकरू असताना सगळं अंगण झाकून टाकणं म्हणजे त्या लेकराचा हक मारणं आहे. आणि हा हक आपण स्वच्छतेच्या नावानं मारतो, इज्जतीच्या नावानं मारतो, आणि वाईट याचं वाटतं की दीनच्या नावानंही मारतो.

औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, आमचा गुंठेवारीतला ३० बाय ४० चा प्लॉट आहे. साडेसातशे फुटांचं घर, पुढे पावणेचारशे फुटांच्या आसपास मोकळी जागा. लेक सहा वर्षांची आहे. अंगणाचं कामही सहा वर्षं चाललंय. पाहुणे विचारतात, "अजून झालं नाही?" नाही झालं. लेक तरी कुठे पूर्ण झाली आहे?

माती नापाक कधीपासून झाली?

पहिला आक्षेप घरातूनच येतो. माती घरात येते, कपड्यांना लागते, नमाजच्या जागेवर येते, म्हणून फरशी हवी. हे ऐकलं की मला नवल वाटतं. ज्या दीनमध्ये पाणी मिळालं नाही तर पाक मातीवर हात मारून तयम्मुम करायची इजाजत आहे, त्या दीनची माणसं मातीलाच घाण म्हणतात! माती पाक करणारी आहे हे मदरशातल्या पहिल्या वर्गातलं पोरही सांगेल. दफन होताना आपण सगळेच मूठ मूठ माती टाकून येतो. मेल्यावर जी चालते ती जिवंतपणी लेकराच्या पायाला लागली तर काय बिघडतं?

घाण असते ती वेगळीच. उघडी नाली, गेटबाहेर फेकलेली पिशवी, रात्रीचं खरकटं, मांजरीनं केलेला राडा. ही घाण फरशीवरही तेवढीच असते, फक्त पाण्याच्या पाइपनं ती रस्त्यावर ढकलता येते. त्याला आपण सफाई म्हणतो. आपल्या दारातली घाण शेजाऱ्याच्या दारात लोटणं ही कसली तहारत?

मातीचे धोके आहेतच, ते मी नाकारत नाही. जंत होतात. त्यासाठी हात धुवायची सवय लागते, पायात चप्पल लागते, आणि अंगणवाडीत किंवा शाळेत मिळणारी जंताची गोळी वेळेवर द्यावी लागते. धनुर्वाताची लस लागते. हे सगळं पेवर ब्लॉक टाकणाऱ्या घरातल्या मुलालाही लागतंच. डेंग्यूचं म्हणाल तर तो मातीतून येत नाही. त्याचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, म्हणजे कुंडीखालच्या ताटलीत, टायरमध्ये, झाकण नसलेल्या टाकीत, कूलरमध्ये. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळी भांडी कोरडी करायची. जमिनीत मुरलेल्या पाण्यात तो वाढत नाही. फरशी टाकून वर कुंड्या मांडणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा.

सापाची भीती घालणारेही भेटतात. साप उंदरामागे येतो आणि उंदीर खरकट्यामागे. बांधकामाच्या उरलेल्या विटा, फुटके कमोड, जुनी लाकडं कोपऱ्यात रचून ठेवली की उंदराला घर मिळतं. तो ढीग हलवा. सापाला घाबरून माती झाकायची आणि विटांचा ढीग मात्र वर्षानुवर्षं जपायचा, याला सावधगिरी म्हणत नाहीत.

खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो आणि तो कुणी बघत नाही. शोभेसाठी लावलेली कण्हेर विषारी आहे, पिवळ्या फुलांची बिट्टीही. एरंडाच्या बिया, धोतऱ्याची फळं, गुंजेचे लाल-काळे मणी यांपासून रांगतं मूल लांबच हवं. मोठ्या पांढरट ठिपक्यांच्या पानांचं डिफनबेकिया कित्येक घरांच्या व्हरांड्यात असतं. त्याचं पान चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. आम्ही लेक चार वर्षांची होईपर्यंत यातलं एकही झाड आणलं नाही. नर्सरीवाला बिट्टी फुकट देत होता, तरी नाही.

पाणी जातं कुठे?

आता हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं छत साधारण ७० चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर एकट्या छतावर ४९,००० लिटर पाणी पडतं. उडून जाणारं, सांडणारं सोडा, ४०,००० लिटर धरू. पाच हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर आठ टँकर. हे आठ टँकर आपण पन्हाळीतून फरशीवर सोडतो, फरशीवरून गल्लीत आणि गल्लीतून नाल्यात. मग मार्चमध्ये बोअर कोरडा पडला की नगरसेवकाच्या दारात घागरी घेऊन उभं राहतो.

मराठवाड्याला हे सांगायची वेळ यावी? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तेव्हा आमच्या मोहल्ल्यातही पाण्यासाठी दुआ झाल्या. पाऊस आला. आल्यावर त्याला मुरायला आपण हातभर जागा ठेवली नाही.

आम्ही पहिल्या वर्षी एकच काम केलं. गेटजवळच्या कोपऱ्यात, घराच्या पायाला ओल लागणार नाही इतक्या लांब, तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल शोषखड्डा घेतला. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर खडी आणि जाड वाळू. पन्हाळीचा पाइप त्यात सोडला. पहिल्या एक-दोन पावसांचं धुळीचं पाणी बाहेर काढायचं, नंतरचं आत. एवढंच. त्यातलं सगळं पाणी माझ्याच बोअरला मिळतं असं नाही, शेजारच्या बोअरलाही मिळत असेल. मिळू द्या. पडोशाच्या हक्कावर आपण जुम्म्याला बयान ऐकतो, ते कशासाठी ऐकतो?

आणि वजूचं पाणी! त्यात ना साबण ना तेल. आमच्या घरात पाच माणसं. वजूच्या नळाखाली बादली ठेवली तर दिवसाला तीन बादल्या सहज भरतात. ते पाणी मेंदीच्या कुंपणाला आणि पेरूला जातं. वाहत्या नदीवर बसलात तरी वजूला पाणी वाया घालवू नका, ही शिकवण सगळ्यांना पाठ आहे. नळ मात्र सगळे पूर्ण सोडतात.

एका दिवसात बाग करून देणारे

पेवरवाल्यांपेक्षा थोडे शिकलेले लोक दुसऱ्या टोकाला जातात. ते लँडस्केपवाल्याला बोलावतात. तो टेम्पोतून गुंडाळलेलं लॉन आणतो, चटईसारखं अंथरतो, चार पाम, एक कारंजं, पांढरे गोटे. सकाळी माती होती, संध्याकाळी बाग. फोटो स्टेटसला. तिसऱ्या महिन्यात लॉन पिवळं पडतं, कारण त्याला रोज पाणी लागतं आणि ते आपल्या नळाला चार-चार दिवसांनी येतं. पण या बागेवर माझा मुख्य आक्षेप वेगळा आहे. तिथे मुलाला कामच नसतं. "लॉनवर पाय देऊ नको", "गोटे उचलू नको", "पाण्यात हात घालू नको". पैसे देऊन घरात एक म्युझियम आणलं आणि मुलाला त्याचा प्रेक्षक केलं. मग ते मोबाइलकडे वळलं तर दोष कुणाचा?

झटपट हिरवळीचा हव्यास कुठे नेतो हे कोनोकार्पसनं दाखवून दिलंय. भराभर वाढतं, कायम हिरवं दिसतं, म्हणून गावोगाव दुभाजकांवर आणि बंगल्यांच्या कुंपणाला लावलं. आरोग्य आणि पर्यावरण या दोन्ही कारणांनी गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली. आपल्याकडे नर्सरीत अजून रांगेनं उभं असतं.

आम्ही उलट केलं, लेकीच्या चालीनं गेलो. पहिल्या वर्षी ती मांडीवर होती, तेव्हा फक्त जमीन. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात आक्रसते, म्हणून घराच्या कडेनं मुरूम दाबून बाहेरच्या बाजूला उतार काढला. ज्यांनी याच काळ्या मातीवर नीट भर न घालता पेवर टाकले, त्यांचे ब्लॉक दुसऱ्या पावसाळ्यात उंटाच्या पाठीसारखे झालेत. जाऊन बघा.

दुसऱ्या वर्षी ती चालायला लागली, तेव्हा मेंदीचं कुंपण आणि शेवगा. मेंदीला पाणी कमी लागतं, शेळ्या तोंड लावत नाहीत, आणि ईदच्या चांदरातीला कोन विकत आणावा लागत नाही. शेवगा सात-आठ महिन्यांत फुलावर येतो, त्यामुळे घरातल्या अधीर माणसांची तोंडं बंद होतात. त्याची फांदी ठिसूळ असते, म्हणून चढायचं झाड म्हणून पेरू लावला. पेरूची फांदी चिवट, लेकराचं वजन पेलते.

तिसऱ्या वर्षी तिच्या हातात खुरपं दिलं आणि मेथी पेरली. मेथी तीन-चार दिवसांत वर येते. तीन वर्षांच्या मुलाचा सबर तेवढाच असतो. चौथ्या वर्षी कोथिंबीर. धणे रगडून पेरायचे आणि आठ-दहा दिवस वाट बघायची. मग लिंबू. लिंबू तीन-चार वर्षांच्या आत बोलत नाही. सबर हा शब्द आपण मुलांना पाठ करून देतो. तो शिकवायला लिंबाच्या झाडाइतका चांगला उस्ताद मला भेटलेला नाही.

खताचा खर्च विचाराल तर बकरीदला आठ-दहा दिवस बकरा बांधतो, त्याच्या लेंड्या गोळा करून वाळवायच्या, पाल्यात कुजवायच्या. बाकीचे ते नालीत झाडून टाकतात. रोपं तीस-चाळीस रुपयांची, वर्षाला तीन-चार. गेटपासून दारापर्यंत दोन फुटांची शहाबादी फरशीची पायवाट आम्हीही केली आहे, कारण अम्मांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, पावसाळ्यात घसरायची भीती असते. म्हातारं माणूस, व्हीलचेअर, गाडी यांच्यासाठी जेवढी लागते तेवढी फरशी टाका. माझं भांडण गेटपासून दारापर्यंत इंचन् इंच झाकण्याशी आहे.

बायकांचं आभाळ

आता जे बोलायला पुरुषांना सुचत नाही ते बोलते. उर्दूत अंगणाला सहन म्हणतात. जुन्या घरांमध्ये सहन मध्यभागी असे आणि घरातल्या बाईला तिथे परक्याच्या नजरेशिवाय ऊन, वारा, चांदणं मिळे. आपण घरं बदलली, परद्याचे रिवाज मात्र तसेच ठेवले. पुरुषाला चौक आहे, चहाचं हॉटेल आहे, मस्जिदीचा ओटा आहे. बाईला काय आहे? तिचं आभाळ म्हणजे तेवढी गेटमागची जागा. त्यावर आधी फरशी येते, मग उन्हात ती तापते म्हणून पत्र्याचं शेड येतं, मग "शेड आहेच तर भिंत घालू" म्हणून दुकान किंवा भाड्याची खोली येते. तीन पायऱ्यांत आभाळ संपलं. त्या घरातली लेकही मग खिडकीच्या गजांमधूनच पाऊस बघते.

दीडशे फुटांच्या खोलीत सहा माणसं राहतात, त्यांना मी हे सुनावत नाहीये. त्यांच्याकडे झाकायलाही अंगण नाही. त्यांच्यासाठी वेगळा सवाल आहे आणि तो महापालिकेला आहे. मोठ्या मंजूर लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. गुंठेवारीत शेत तुकडे करून विकलं गेलं, तिथे कुणी काय सोडलं? २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं घरं नियमित करायची वाट काढली. न सोडलेली बाग मात्र कुणी नियमित करून देत नाही. वर जो थोडाफार निधी येतो त्यातून गल्लीत पुन्हा पेवर ब्लॉकच पडतात आणि त्यांचंच उद्घाटन होतं. आपण हार घालतो. एकदा तरी हार हातात ठेवून विचारा की साहेब, मुलांची बाग कुठे आहे?

आणि जे बाहेरून बघून म्हणतात, "त्या वस्त्या असल्याच, झाड नाही, झुडूप नाही", त्यांनीही जरा थांबावं. ज्यांच्या कॉलनीत पालिकेची बाग, माळी आणि जॉगिंग ट्रॅक आहे, त्यांची हिरवळ ही त्यांची एकट्याची कमाई नाही. माणसं कुठे राहू शकतात, कुठे त्यांना घर भाड्यानं मिळतं आणि कुठे नाकारलं जातं, यावरही झाडं अवलंबून असतात.

झाडाला धर्म चिकटवू नका

समोरच्या काकूंनी दोन वर्षांपूर्वी लेकीला तुळशीचं रोप दिलं. लावलं. त्यावर दोन्हीकडून प्रश्न आले. आपल्यातले म्हणाले, "हे कशाला?" त्यांच्यातले कौतुकानं म्हणाले, "तुम्ही तुळस लावता?" जणू आम्ही काहीतरी वेगळं केलं. आपल्याकडे सब्जा असतो, शरबतात जातो, कबरीवर घालतात. सब्जा आणि तुळस एकाच कुळातल्या, वनस्पतिशास्त्रात दोघांचं पहिलं नाव एकच, ऑसिमम. सख्ख्या बहिणी म्हणा. आमच्याकडे त्या एका वाफ्यात आहेत आणि मधमाश्या दोन्हींवर बसतात. मेंदी यांची, तुळस त्यांची, पिंपळ त्यांचा, खजूर आमचा, ही वाटणी माणसांनी केली. मुलांसमोर तरी ती करू नये.

वारशाचे दावे

आपले लोक वारशावर फार बोलतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकीसाठी, म्हणजे याच शहरासाठी, नहर-ए-अंबरी बांधली, जमिनीखालून पाणी आणलं. दिलरस बानू बेगमच्या मकबऱ्याला चारबाग आहे, आरपार पाण्याची वाट आहे. पाणचक्कीला बाहेरगावचे पाहुणे आपण हौसेनं नेतो. हिमायत बागेत आजही कृषी विद्यापीठाचं फळ संशोधनाचं काम चालतं. जन्नत या शब्दाचा अर्थच बाग. फिरदौसचं मूळ फारसी, अर्थ कुंपणातली बाग. ज्यांच्या भाषेत स्वर्गाचं नावच बाग आहे, त्यांच्या दारात अडुळसाही नसावा? मुशायऱ्यात नहरीवर दाद द्यायची आणि घरी पन्हाळीचं पाणी नालीत सोडायचं, असा वारसा सांगण्यात काय अर्थ आहे?

झाड लावणं हा सदका आहे, त्यातून माणसानं, पाखरानं, जनावरानं जे खाल्लं त्याचं सवाब लावणाऱ्याला मिळतं, ही हदीस प्रत्येक वृक्षारोपणाच्या फोटोखाली असते. फोटोतलं रोप पुढच्या उन्हाळ्यात जिवंत होतं का, हे कुणी टाकत नाही. लावणं एका मिनिटाचं काम आहे, वाढवणं वर्षांचं. लेकराचंही तसंच आहे. जन्माची मिठाई सगळे वाटतात.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ज्यांचं अंगण अजून मोकळं आहे त्यांनी पायवाटेपुरती फरशी टाकावी आणि हात आखडावा. ज्यांनी झाकून टाकलंय त्यांनी येत्या मृगाच्या आत भिंतीकडच्या दोन फुटांच्या ओळीतल्या फरश्या उखडाव्यात. खालची दाबलेली खडी काढा, दोन हात खोल माती मोकळी करा, कुजलेलं शेणखत घाला. पन्हाळीचा पाइप नालीकडून तिकडे वळवा, जास्तीच्या पाण्याला बाहेर वाट ठेवा. एक पेरू, एक कढीपत्ता, मधे मूठभर मेथी. खुरपं मुलाच्या हातात द्या आणि त्याचे कपडे मळतील तेव्हा गप्प बसा. लोक विचारतील, पैसे संपले का? सांगा, हो, फरशीवर घालायचे संपले.